मळवली ते नागफणी : रोप्स कोर्स चालवायला शिकताना

दिवस पहिला : मळवली, गायमुख खिंड, पवनाकाठ

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं आणि पुढे पायी निघायचं. दुधिवरे खिंडीतून गाडी थेट पवना धरणाच्या काठापर्यंत जाते, पण रोप्स कोर्स, म्हणजे दोर, वायर आणि खांबांवरचे गटाचे साहसी खेळ, चालवायला सहा दिवसांत शिकणाऱ्या तुकडीची पहिली सकाळ गाडीत फुकट घालवू नये. एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागतं, तिथून लोहगड आणि विसापूरच्या मधल्या गायमुख खिंडीपर्यंत रमतगमत दोन तास लागतात. या दोन तासांत प्रशिक्षकाला तुकडी वाचता येते आणि तुकडीला दुसऱ्याला वाचायचं म्हणजे काय, ते कळायला लागतं.

सामान मुद्दाम असमान असतं. 11 मिलिमीटर जाडीचा 50 मीटर स्टॅटिक रोप जवळपास चार किलोचा भरतो. स्टीलचा कॅराबिनर, म्हणजे झडप असलेली जोडकडी, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वीस नग घेतले की साडेचार किलो. हेल्मेटं वजनाला हलकी, पण सॅक फुगवतात. सगळं मळवली स्टेशनच्या बाहेर मांडून ठेवायचं, ‘आपापसात वाटून घ्या’ एवढंच सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. रोप कोण उचलतं, कोण हेल्मेटांकडे वळतं, दुसऱ्याची सॅक कोण उचलून बघतं, वाटणी कोण सुरू करतं आणि ती कुणाला खटकते, याची नोंद वहीत करायची. त्यावर लगेच बोलायचं नाही. रात्री ही नोंद वाचून दाखवली की मंडळींच्या लक्षात येतं, की पुढे आपल्याला हेच काम करायचं आहे. काम देऊन माणसं काय करतात ते पाहायचं, आणि आपल्याला काय वाटलं ते सांगण्याऐवजी काय घडलं ते सांगायचं.

चालताना पुढे लीड, मागे बॅक-लीड, मधे बाकीचे. प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायची, उतरतानाही आणि निघतानाही. खिंडीत पोचल्यावर पहिला धडा धोके ओळखण्याचा. प्रत्येकाने पाच मिनिटांत दिसतील तेवढे धोके सांगायचे. ‘दगड पडेल’ असं नुसतं म्हणून चालत नाही. कुठला दगड, कशाने सुटेल, कुणावर पडेल, आणि त्यासाठी आपण आत्ता काय बदलायचं, एवढं सगळं सांगावं लागतं. सह्याद्रीचा कातळ बसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर रचलेला. दोन थरांमध्ये कित्येक ठिकाणी लाल मातीचा मऊ पट्टा असतो, तो पावसाने झिजतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. हा पट्टा दिसला, की त्याच्या वरचं काहीही अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, म्हणून धरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी डोळ्यांत बसायला हवं.

संध्याकाळी पवनाकाठच्या मुक्कामी आरोग्याचे फॉर्म भरून घ्यायचे. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट येणं, निखळलेला खांदा, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण, चालू औषधं. हे सगळं गटासमोर कधीही विचारू नये, एकेकाला बाजूला घेऊन विचारावं. आणखी एक प्रश्न छापील फॉर्मात सहसा नसतो, तो तोंडी विचारावाच लागतो : आज उपास आहे का? एकादशीला किंवा नवरात्रात सकाळपासून फक्त चहावर असलेला माणूस दुपारी बारा वाजता दहा मीटर उंचीवर चक्कर येऊन हार्नेसमध्ये, म्हणजे अंगावरच्या सुरक्षापट्ट्यांत, लटकतो. त्याला दोष नाही, न विचारणाऱ्याला आहे. फॉर्म आवरले की मोबाइलची रेंज नेमकी कुठे येते ती जागा सगळ्यांना दाखवायची, 108 ची गाडी कुठल्या वळणापर्यंत येऊ शकते ते चालत जाऊन पाहायचं. मग पिठलं-भाकरी.

दिवस दुसरा : जमिनीलगत

रोप्स कोर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उंच खांब येतात. चांगल्या प्रशिक्षणात दुसरा अख्खा दिवस गुडघाभर उंचीवरच जातो. लो कोर्सची वायर जमिनीपासून 30 ते 60 सेंटिमीटरवर असते. इथे बिले, म्हणजे दुसऱ्याने धरलेला सुरक्षेचा दोर, नसतो, हार्नेस नसतं. पडणाऱ्याला वाचवतात ते माणसांचेच हात, आणि म्हणून आमच्या मते लो कोर्स चालवणं हाय कोर्सपेक्षा अवघड आहे. वर दोराने चूक झाकली जाते, खाली झाकायला काहीच नसतं.

आधी स्पॉटिंग, म्हणजे पडणाऱ्याला सावरायला तयार उभं राहणं. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीच्या उंचीवर, तळवे उघडे, बोटं जुळलेली आणि अंगठा आत. अंगठा बाहेर राहिला की पडणाऱ्याच्या वजनाने तो मागे दुमडतो, ही स्पॉटिंगमधली नेहमीची दुखापत. नजर चालणाऱ्याच्या कमरेवर आणि खांद्यांवर. नवखे लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघतात, किंवा पावलांकडे. चेहरा हसत असतो तोवर कंबर एका बाजूला गेलेली असते. पाऊल निसटलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. स्पॉटरचं काम माणसाला हवेत झेलायचं नाही, त्याचं डोकं आणि पाठीचा कणा सांभाळून त्याला पायांवर उतरवायचं आहे. वायरवरच्या प्रत्येक माणसामागे दोन स्पॉटर, एक पुढून, एक मागून, आणि ते त्याच्याबरोबर सरकत राहतात.

आवाजाची देवाणघेवाण आधी ठरवून घ्यायची. ‘तयार?’ ‘तयार!’ ‘पडतोय!’ ‘पड!’ शेवटचा ‘पड’ आल्याशिवाय कुणी पडायचं नाही. गटात हिंदी, तमिळ, इंग्रजी बोलणारे असतील तर एकच भाषा निवडून सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घ्यावी. ट्रस्ट फॉलला, म्हणजे फळीवरून मागे गटाच्या हातांत पडायच्या खेळाला, ही शिस्त जिवावरची आहे. फळीची उंची दीड मीटरच्या वर नको. झेलणारे आठ ते दहा, समोरासमोर दोन रांगांत, हात झिपच्या दातांसारखे एकाआड एक. कुणीही समोरच्याचं मनगट धरायचं नाही, नाहीतर डोक्याला डोकी आपटतात. ज्या बाजूला पडणाऱ्याचे खांदे येतात तिथे दणकट माणसं लावायची, कारण वजन तिथेच जास्त असतं. घड्याळं, अंगठ्या, बांगड्या, चष्मे, खिशातल्या किल्ल्या काढून एका पिशवीत. पडणाऱ्याचे हात छातीवर घट्ट बांधलेले, कारण पडताना कोपर मागे फेकण्याची सवय शरीराला उपजतच असते आणि ते कोपर थेट झेलणाऱ्याच्या नाकावर येतं. सगळ्यात जास्त बिघडतं ते कंबर वाकल्याने. माणूस फळीसारखा पडण्याऐवजी बसल्यासारखा पडतो, सगळं वजन दोन जणांच्या हातांवर येतं आणि रांग मधोमध फाटते. म्हणून आधी जमिनीवर उभ्याउभ्या मागे झुकणं, मग गुडघाभर उंचीवरून, आणि कंबर ताठ राहते असं दिसल्यावरच फळीवर. ज्याची कंबर वाकते त्याला त्या दिवशी फळीवर चढवायचं नाही. ‘बाकी सगळ्यांनी केलं’ हे कारण इथे चालत नाही.

दुपारी स्पायडर वेब. दोन झाडांमध्ये दोरीचं जाळं, गटात जेवढी माणसं तेवढीच भोकं, प्रत्येक भोक एकदाच वापरायचं, दोरीला स्पर्श झाला तर परत. दहा-बारा जणांना 30 ते 40 मिनिटं लागतात. उचललेल्या माणसाचा चेहरा वर, डोक्याखाली कायम एक हात, आणि उडी मारून भोकातून जायला सक्त मनाई. प्रशिक्षणार्थी इथे हमखास चुकतात ते उत्तर सुचवण्यात. गट दहा मिनिटं अडकला की त्यांना राहवत नाही आणि ‘आधी मोठी भोकं राखून ठेवा’ असं तोंडातून निघून जातं. त्या एका वाक्याने खेळ संपतो. मग गट प्रशिक्षकाचं उत्तर अमलात आणतो, स्वतःचं शोधत नाही. हस्तक्षेप करायचाच तर परिस्थितीत करावा. दोन मोठ्या आवाजाची माणसं सगळं चालवत असतील तर ‘आता तुमचा आवाज गेला’ असं सांगून त्यांना दहा मिनिटं मूक करावं. जी मुलगी मघापासून मागे उभी राहून बरोबर बोलत होती, तिचं बोलणं तेव्हा ऐकू येतं.

रात्री या खेळांचा उगम सांगितला जातो, आणि तो सांगायलाच हवा, कारण त्यातून खेळांचा क्रम कळतो. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1941 साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोवीला आउटवर्ड बाउंड या साहस-शिक्षण संस्थेची पहिली शाळा काढली. जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट त्याच्या पाठीशी होते. युद्धात टॉर्पेडोने बोट बुडाल्यावर तरुण खलाशी वयस्क खलाशांच्या आधी हार मानतात, ही त्यांची चिंता होती. तिथला कोर्स जवळपास महिनाभराचा. पुढे 1971 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचरने हेच शाळेच्या तासात बसवायचं ठरवलं. समुद्र आणि डोंगर नाहीत म्हणून शाळेच्या आवारात वायर, खांब, जाळी आली. महिनाभरात आपोआप जुळणारा विश्वास तासाभरात जुळवायचा, म्हणून आधी ओळख, मग संकोच घालवणारे खेळ, मग विश्वास, मग कोडी, मग लो, आणि शेवटी हाय, अशी पायरी लागली. सकाळी बसमधून उतरलेल्या गटाला थेट झिपलाइनवर नेणारे लोक हीच पायरी गाळतात, आणि गट एकमेकांना जेवढा ओळखत आला होता तेवढाच ओळखत परत जातो.

दिवस तिसरा : दोर, वायर, झाडं

हा दिवस हातांचा. सकाळी सहाला पोहे आटोपून ताडपत्रीवर सगळं सामान मांडायचं.

दोर दोन प्रकारचे आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग (आडव्या दोरावरून दरी ओलांडणं) आणि वरून बिले देताना स्टॅटिक. युरोपीय मानक 1891 प्रमाणे 50 किलोवरून 150 किलोपर्यंत भार वाढवला तर तो जास्तीत जास्त 5 टक्के लांबतो. चढणारा माणूस अँकरच्या वर जाऊन पडू शकत असेल तर डायनॅमिक, म्हणजे मानक 892 चा दोर. तो झटका पोटात घेतो. स्टॅटिकवर चार फूट मोकळं पडणंसुद्धा पाठीला आणि अँकरला बसतं.

दोर तपासायची पद्धत एकच : एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, इंच इंच, बोटांत फिरवत. डोळ्यांपेक्षा बोटं जास्त सांगतात. मऊ पडलेली जागा, आत गाठ आल्यासारखा फुगवटा, चकाकणारा वितळलेला पट्टा, आवरण सरकल्याने टोकाला आलेला पोकळ मोजा. अंगठ्याएवढा फास करून दाबला आणि तो गोल न राहता कागदासारखा घडी पडून चपटा झाला, तर आतला गाभा गेलेला आहे. तिथे दोर कापायचा, दोन्ही तुकड्यांची लांबी नव्याने मोजून टोकावर लिहायची. जुना दोर ‘सरावापुरता’ ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. ठेवायचाच तर मीटरभराचे तुकडे करून गाठी शिकायला ठेवा. लांब दोर शेडमध्ये राहिला की एक दिवस कुणीतरी तो उचलून नेतोच.

गाठी थोड्याच, पण अंधारात, ओल्या हातांनी, पाठीमागे हात घेऊन यायला हव्यात. फिगर ऑफ एट, बोलाइन स्टॉपरसह, क्लोव्ह हिच, डबल फिशरमन, टेप नॉट, प्रुसिक, मंटर आणि मंटर-म्यूल. प्रत्येक गाठीने दोराची ताकद सुमारे पाव ते एक तृतीयांश कमी होते, म्हणून हिशेब नेहमी गाठ धरून करायचा. शेपूट निदान दहा सेंटिमीटर. टेप नॉट वापरागणिक थोडी थोडी सरकते, ती रोज सकाळी नव्याने ओढून बघायची. प्रुसिकला, म्हणजे मुख्य दोरावर आवळून बसणाऱ्या वेढ्यांच्या गाठीला, 11 मिलिमीटरच्या दोरावर 6 किंवा 7 मिलिमीटरची कॉर्ड, तीन वेढे. जाड कॉर्ड धरत नाही, बारीक कॉर्ड इतकी आवळते की सुटत नाही. ओला दोर असेल तर एक वेढा वाढवून, भार देऊन पाहूनच विश्वास ठेवायचा.

कॅराबिनरवर तीन आकडे कोरलेले असतात. लांबीत 20 किलोन्यूटनच्या वर (1 किलोन्यूटन म्हणजे सुमारे 100 किलोचा भार), आडवा फक्त 7 च्या आसपास, आणि गेट म्हणजे झडप उघडी असतानाही जवळपास तेवढाच. म्हणजे तोच कॅराबिनर आडवा पडला की ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यात गेटचा स्क्रू उघडा राहिला तर आणखी धोका. स्क्रू लावला का हे बघून ठरवायचं नाही. दोन बोटांनी गेट दाबून बघायचं, प्रत्येक वेळी, दुसऱ्याचंही.

मग अँकरचा कोन. दोन अँकरांवर भार वाटला की तो निम्मा होतो अशी समजूत फार पक्की असते. दोन स्लिंगांमधला (अँकरला जोडणाऱ्या पट्ट्यांमधला) कोन 60 अंश असेल तर प्रत्येक अँकरवर 58 टक्के भार येतो, 90 अंशाला 71, आणि 120 अंशाला पूर्ण 100. त्याच्या पुढे एक अँकर कमी करणं जास्त सुरक्षित ठरावं इतका भार वाढतो. 60 च्या आत ठेवा, एवढं पुरे.

आडव्या दोराचं गणित त्याहून महत्त्वाचं. 80 किलोचा माणूस दोराच्या बरोबर मधे लटकला आणि दोराला अंतराच्या 10 टक्के झोळ असेल, म्हणजे 20 मीटरला 2 मीटर, तर दोरात सुमारे 204 किलोचा ताण येतो. झोळ 5 टक्के केला तर 400 किलोच्या वर. 2 टक्क्यांवर आणला तर 1000 किलो. माणूस तोच, अंतर तेच. ‘दोर अजून कडक करा, ढिला दिसतोय’ असं आयोजक किंवा गटातलं कुणी म्हणतं तेव्हा हे तीन आकडे डोळ्यांसमोर यायला हवेत. हातानेच ओढायचा तर 3:1 च्या, म्हणजे ओढ तिप्पट करणाऱ्या, पुली सिस्टिमवर दोघातिघांनी ओढावा, सगळ्या गटाला दोरावर लावू नये.

कायमच्या कोर्सवर वायर असते, साधारण 10 ते 13 मिलिमीटरची, 7×19 विणीची (19 तारांचे 7 पेड), गॅल्व्हनाइज्ड. टोकाला थिंबल, म्हणजे फासाच्या आत बसणारी धातूची खोबण, आणि यू-क्लॅम्प. क्लॅम्पचा चपटा खोगीर-भाग भार घेणाऱ्या लांब वायरवर बसला पाहिजे आणि यू आखूड शेपटीवर. उलटा बसवला की यू-बोल्ट भार घेणाऱ्या तारा चेचतो. तीन क्लॅम्पपैकी मधलाच उलटा बसवलेला असतो असं पुष्कळदा आढळतं, म्हणून लांबून मोजून भागत नाही, जवळ जाऊन प्रत्येक नटावर बोट ठेवावं. 13 मिलिमीटर वायरला निदान तीन क्लॅम्प, 29 सेंटिमीटर शेपूट आणि नटाला 88 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर. पहिला भार पडल्यावर वायर किंचित बारीक होते आणि नट ढिले पडतात. दुसऱ्यांदा टॉर्क दिल्याशिवाय माणूस चढवायचा नाही.

झाडांवर कोर्स असेल तर झाड हेच मुख्य यंत्र. आंबा, जांभूळ चालतात, खोड निदान 30 सेंटिमीटर व्यासाचं, जिवंत, पोकळ नसलेलं. लाकडी मोगरीने खोड ठोकत वर जायचं, आवाज बदलला की थांबायचं. गुलमोहर, शेवगा, पांगारा यांना भार देऊ नये, ही मऊ लाकडाची झाडं. वायर खोडाभोवती नुसती गुंडाळली की झाड वाढताना ती सालीत रुतते आणि काही वर्षांत झाड गळा आवळल्यासारखं वरून वाळतं. मधे उभ्या लाकडी पट्ट्या घालाव्यात आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पकड सैल करून नव्याने बसवावी.

दिवस चौथा : उंचीवर

हार्नेसचा कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर. आत चपटा हात जावा, मूठ जाऊ नये. बकल डबल-बॅक झालं, म्हणजे पट्टा त्यातून उलटा फिरवून पुन्हा ओवला, की पट्ट्याचं टोक निदान सात-आठ सेंटिमीटर बाहेर राहावं. पोट मोठं असलेला माणूस आणि लहान मूल यांना फुल बॉडी हार्नेस, कारण कमरेचं हार्नेस अशा अंगावर टिकत नाही, माणूस उलटा होऊन त्यातून निसटू शकतो. ओढणी काढून ठेवायची, केस हेल्मेटच्या आत.

तपासणी तिघांची. घालणारा स्वतः तपासतो, जोडीदार तपासतो, आणि पाय जमिनीवरून उचलण्याआधी प्रशिक्षक हात लावून तपासतो. वरून खाली एकच क्रम : हेल्मेट, बकल, पायपट्टे, गाठ, कॅराबिनर, बिलेअरकडचं उपकरण, त्याचा कॅराबिनर. तपासणी चालू असताना कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं तर क्रम पुन्हा हेल्मेटपासून. अपघातांच्या नोंदींमध्ये दोर तुटल्याची उदाहरणं फार थोडी सापडतात. अर्धवट बांधलेली गाठ, न लावलेला कॅराबिनर, गप्पांत तुटलेली तपासणी, हीच पुन्हापुन्हा दिसतात.

दोन लॅनयार्डवर, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या हुकाच्या दोन दोऱ्यांवर, चालायच्या कोर्सवर एक नियम पुरतो : एक हुक सुटलेला असताना दुसरा वायरवर असलाच पाहिजे. थकलेला माणूस खांब ओलांडताना दोन्ही एकदम काढतो, आणि हे बहुतेक शेवटच्या दोन टप्प्यांत होतं. म्हणून प्रशिक्षकाने उभं राहायचं ते सुरुवातीच्या फळीपाशी नव्हे, शेवटाकडे.

पॅम्पर पोलवर वेगळं बघावं लागतं. आठ-दहा मीटर उंच खांबाच्या टोकावर उभं राहून समोरच्या बारकडे झेप घ्यायची असते. दोर पाठीमागच्या रिंगला, बिलेला दोघं, एक मुख्य आणि एक त्याच्या मागे दोर धरणारा. चढणाऱ्याचा शेवटचा पाय वर ठेवताना खांब थरथरतो, पोटऱ्या कापायला लागतात, बोटांची पेरं पांढरी पडतात. इथे खालून ‘उडी मार, उडी मार’ असा गलका सुरू होतो. तो बंद करायचा. प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचरच्या कार्ल रोन्के यांनी रुजवलेलं ‘चॅलेंज बाय चॉइस’ हे तत्त्व इथेच खरं ठरतं. किती वर जायचं आणि कुठे थांबायचं ते त्या माणसाने ठरवायचं. साहेब खाली उभे आहेत म्हणून उडी मारणारा माणूस निवड करत नसतो. साहेबांना आधीच हळूच सांगून ठेवावं, की तुम्ही बोलू नका, किंवा तुम्हीच पहिले चढा. अर्ध्या खांबावरून उतरलेल्याला विचारायचं, ‘कुठपर्यंत जायचं ठरवलं होतं?’ पुष्कळदा तो ठरवलं होतं त्याच्या वर गेलेला असतो.

दुपार बचावाची. वर अडकून घाबरलेला, हात सोडत नसलेला माणूस हे नेहमीचं. आधी बोलणं : नाव घेऊन, सावकाश, एका वेळी एकच हालचाल सांगायची. नाही जमलं तर बचावाचं किट घेऊन वर. हे किट सदैव बांधून तयार, पहिला माणूस चढण्याआधी खांबाच्या पायथ्याशी. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांत अत्यवस्थ होऊ शकतो, पायांतलं रक्त परत येत नाही. म्हणून सराव घड्याळ लावून करतात. चाकू वापरायचा तर कापायच्या दोराचा रंग मोठ्याने म्हणायचा आणि खालच्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच पातं लावायचं.

दिवस पाचवा : कुरवंडे आणि नागफणी

सकाळी गाडीने लोणावळ्यामार्गे कुरवंडे गाव, तिथून चालत नागफणी या कड्याच्या माथ्यावर. इंग्रजांनी याला ड्यूक्स नोज म्हटलं. खाली खंडाळ्याचा घाट, रेल्वे आणि एक्स्प्रेस-वे एकाच नजरेत. प्रशिक्षणाला पूर्ण कडा लागत नाही. सुरुवातीचा छोटा टप्पा पुरतो, फक्त धार खरी हवी.

माथ्यावर पोचल्यावर पहिलं काम दुर्बिणीने कड्याची तपासणी, आग्या मोहोळांसाठी. पावसाळा सरल्यावर कड्यांच्या कपारींत ती लागतात. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, हा सगळा मुद्दा आहे. मोहोळ दिसलं तर त्या बाजूचा बेत रद्द. धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. हल्ला झालाच तर दोरावरच्याला वर खेचायचं की खाली सोडायचं, हे आधी ठरलेलं असावं. बहुतेक वेळा खाली सोडणं जलद होतं.

तेवढ्यासाठीच रॅपलिंगचा दोर वर पक्का बांधून टाकायचा नाही. मंटर-म्यूल या भार असतानाही सोडता येणाऱ्या गाठीवर लावायचा. सहभागीचे केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या उपकरणात, अडकला, तो अर्ध्यावर गोठला, तर म्यूल सोडून वरूनच त्याला उतरवता येतं. बिलेचा दोर वेगळ्या अँकरवर, वेगळ्या माणसाकडे. धारेवर दोराखाली जाड पॅड, आणि ते पॅडही बांधलेलं. फिगर-एट डिसेंडर धारेवर घासला की दोर मोठ्या कडीवरून वर सरकून आवळून बसतो, आणि नवखा माणूस धारेखाली हातभर अंतरावर अडकतो. उपाय एवढाच, की धार ओलांडेपर्यंत त्याने कंबर मागे झोकून पाय खांद्याएवढे फाकून कातळावर सपाट ठेवायचे. ब्रेकचा हात नितंबापाशी, तो कधीही वर येत नाही.

दुपारनंतर दरीतून वारा वर चढतो आणि आवाज पोचत नाही. शिट्टीची भाषा सकाळीच ठरवलेली असावी. धारेपासून दोन मीटरच्या आत वावरणारा प्रत्येकजण अँकरला बांधलेला, फोटो काढणारासुद्धा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात ढग दाटले, गडगडाट ऐकू आला की लोखंड आणि माथा दोन्ही सोडायचे.

राज्य शासनाने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. परतीच्या गाडीत तीच कागदपत्रं चाळली जातात. धोके-यादी, सामानाची नोंद, विमा, बचावाचा आराखडा. रटाळ वाटलं तरी हे काम दोन दिवस आधीच्या गाठींइतकंच जबाबदारीचं आहे.

दिवस सहावा : गट येतो

शेवटच्या दिवशी खरा गट, बहुधा पुण्यातल्या एखाद्या कंपनीचा. प्रशिक्षणार्थींनी आधी फोनवर विचारलेलं असतं : तुमच्या टीममध्ये सध्या काय अडतंय? ‘जरा मजा हवी’ हे उत्तर आलं तर मजेचा दिवस आखावा आणि त्याला टीम बिल्डिंग म्हणू नये. ‘दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत’ असं उत्तर आलं, तर गट मिसळून असा खेळ द्यायचा की एका बाजूकडे माहिती आणि दुसऱ्या बाजूकडे साहित्य असेल.

खेळापेक्षा खेळानंतरची बैठक अवघड. गोलात बसवायचं, सगळ्यांचे चेहरे एकमेकांना दिसतील असं, आणि सूर्य प्रशिक्षकाच्या तोंडावर घ्यायचा, गटाच्या नाही. डोळे मिचकावणारी माणसं मोकळी होत नाहीत. वेळ, खेळाला लागलेल्या वेळेच्या निदान एक तृतीयांश. ‘कसं वाटलं?’ पासून सुरुवात केली की ‘छान, मजा आली’ या उत्तरापुढे गाडी जात नाही. आधी काय झालं ते क्रमाने : पहिली कल्पना कुणाची, ती कधी मागे पडली, दोरीला किती वेळा स्पर्श झाला, तेव्हा काय बोललं गेलं. मग त्याचं काय, म्हणजे त्यामुळे गटावर काय परिणाम झाला, ऑफिसात हे असंच कुठे घडतं. आणि शेवटी आता काय करणार, कोण, केव्हा. टेरी बोर्टन यांनी 1970 मध्ये मांडलेली ही तीन प्रश्नांची चौकट आहे, डेव्हिड कोल्ब यांच्या 1984 च्या अनुभव-चक्राशी तिचा मेळ बसतो. पण चौकट पाठ असून भागत नाही. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद शांत बसणं शिकावं लागतं. नवखा प्रशिक्षक तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतो. सातव्या-आठव्या सेकंदाला ज्याने दिवसभर तोंड उघडलेलं नसतं तो खाकरतो.

बैठकीत कुणी रडलं, जुनं भांडण वर आलं, तर ते उकरायचं नाही. पाणी द्यायचं, थोडं थांबायचं, ‘हे इथे बोलायचं की नंतर, तुम्ही ठरवा’ असं म्हणायचं. प्रशिक्षक समुपदेशक नाही.

गट बसमध्ये बसल्यावर प्रशिक्षणार्थींचं काम उरतंच. कॅराबिनर मोजून, हेल्मेट पुसून, दोर सुटे करून. मातीने माखलेला दोर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचा, 30 अंशांच्या वर नाही, आणि सावलीत वाळवायचा, उन्हात कधीच नाही. प्रत्येक दोराच्या वहीत तारीख, किती तास, किती माणसं, कशावर, आणि काही विशेष झालं का. थोडक्यात टळलेला प्रसंगही त्याच वहीत, नाव न लिहिता : कुठल्या टप्प्यावर, किती वाजता, त्याआधी जेवण झालं होतं की नाही. या शेवटच्या रकान्यातून पुढच्या तुकडीचं वेळापत्रक बदलतं. दुपारी दोन ते साडेतीन या वेळात हाय कोर्स लावायचा नाही, हा नियम अशाच नोंदींमधून आला.

प्रमाणपत्र हातात पडलं तरी लगेच एकट्याने गट घ्यायचा नसतो. आधी दुसऱ्याच्या हाताखाली सहायक, मग अनुभवी प्रशिक्षक शेजारी उभा असताना लीड, मग लो कोर्स स्वतंत्र, आणि हाय कोर्स सर्वांत शेवटी. ज्या जागी काम करायचं आहे त्या जागेची बचावाची रंगीत तालीम तिथल्याच खांबांवर, तिथल्याच माणसांबरोबर झाल्याशिवाय तिथे पहिला सहभागी चढत नाही.